मागावरून न उठलेला म्हातारा

सोलापुरात आमच्या घरामागे हातमाग होते. धोटा या टोकाहून त्या टोकाला गेला की खट्, फणी आपटली की खट्. त्या ठेक्यावर मी झोपायचो. त्यामुळे फ्रेडरिक झेल्निकचा 1927 सालचा 'डी वेबर' हा जर्मन मूकपट माझ्यापुरता मुका राहिलाच नाही. पडद्यावर माग हलला की कानात खटखट सुरू व्हायची.

कथा सायलेशियातल्या विणकरांच्या 1844 सालच्या उठावाची. गेरहार्ट हाउप्टमान यांनी तिच्यावर 1892 मध्ये नाटक लिहिलं आणि बर्लिनच्या पोलिसांनी लगेच प्रयोगांना मनाई केली. हाउप्टमानांचे आजोबा तरुणपणी मागावर बसत; वडिलांनी सांगितलेल्या त्या आठवणींतून नाटक आलं. ज्याच्या दारात उठाव पेटला त्या खऱ्या व्यापाऱ्याचं आडनाव त्स्वान्त्सिगर. जर्मनमध्ये 'त्स्वान्त्सिग' म्हणजे वीस. नाटकात तो ड्रायसिगर झाला, म्हणजे विसाचे तीस केले, बस्स.

नाटक आधी सायलेशियन बोलीत लिहिलेलं. मूकपटात ती बोली गेली, आणि हे नुकसान मी मोठंच मानतो. पण ताग्यावर बोट फिरवून खोट काढणारा कारकून, मजुरी कापली जाताना गप्प उभी राहिलेली बाई, हे कळायला बोली लागत नाही. पडद्यावरच्या मजकुराची अक्षरं चित्रकार जॉर्ज ग्रोस यांनी काढली. ती छापखान्यातली वाटत नाहीत, हाताची वाटतात.

माझं मन मात्र अडकलं कथेतल्या हिल्झ या म्हाताऱ्या विणकरापाशी. बाहेर दंगल पेटलेली, घरचे त्यात उतरलेले. तो उठत नाही. देवानं मला इथं बसवलंय, या श्रद्धेनं तो मागावरच राहतो आणि बाहेरून आलेली गोळी नेमकी त्यालाच लागते. माझे आजोबाही संपात मागावरून उठले नव्हते. घरात त्यांना त्याबद्दल कुणी माफ केलं नाही, मीसुद्धा नाही. हाउप्टमान हिल्झला भित्रा ठरवत नाहीत, शहाणाही ठरवत नाहीत. त्याचे हात कामावर असतानाच त्याला मरू देतात. आजोबांशी मी याहून बराच निष्ठुर वागलो.

खऱ्या उठावात, 5 जून 1844 रोजी, सायलेशियातल्या लांगेनबिलाऊ गावात सैनिकांनी केलेल्या गोळीबारात 11 माणसं मेली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे.