ॲलिस मोठेपणी आपल्यासारखी बाई झाली



आज माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला माझीच एक चूक सापडली. तीही सांगणार आहे, कारण ती चूक आपल्यापैकी अनेकांच्या हातून होत असेल असं मला वाटतं.

आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. लोकवर्गणीतून टीव्ही मिळाल्यापासून शनिवारी शाळा सुटायच्या आधी तासभर मी मुलांना काहीतरी दाखवते. मध्यंतरी डिस्नेचा जुना 'ॲलिस इन वंडरलँड' लावला, १९५१ सालचा. सिनेमा इंग्रजी, त्यामुळे मध्ये मध्ये थांबवून मी मराठीत सांगत होते. ससा घड्याळ बघत पळाला, ॲलिस बिळात पडली, पोरं हसून हसून लोळत होती. चौथीतली एक मुलगी मात्र डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली.

सुटी झाल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "बाई, तो आवाज मोठ्या बाईने लहान होऊन काढलेला नाही. खऱ्या मुलीचाच आहे. कोण आहे ती?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

ती दोन पावलं गेली आणि परत आली. "आणि बाई, नंतर ती काय झाली तेपण बघा."

घरी येऊन मी शोधलं. आणि जे सापडलं ते वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी राहिले.

कॅथरिन नावाची मुलगी

त्या मुलीचं नाव कॅथरिन बोमाँट. जन्म लंडनचा, १९३८ सालचा. आईवडील दोघंही कलेच्या क्षेत्रातले, त्यामुळे पडद्यावर ती अगदी लहानपणीच आली. पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टुडिओने तिच्याशी करार केला आणि कुटुंब तिकडे गेलं. तिथे तिला छोट्या छोट्या भूमिका मिळाल्या. 'ऑन ॲन आयलंड विथ यू' या १९४८ च्या सिनेमात ती दिसते, पण अगदी थोडा वेळ.

त्याच सुमारास वॉल्ट डिस्ने ॲलिससाठी आवाज शोधत होते. गोष्ट इंग्लंडची, लुइस कॅरोलने १८६५ मध्ये लिहिलेली. त्यामुळे आवाज इंग्लंडच्या लोकांना आपला वाटायला हवा होता आणि अमेरिकेतल्या लोकांना परका वाटायला नको होता. कॅथरिनचा आवाज नेमका तसा होता. काम सुरू झालं तेव्हा ती साधारण दहा वर्षांची होती. म्हणजे आपल्या चौथी-पाचवीतली पोर!

इथे एक गोष्ट मलाही नव्याने कळली. परदेशी कार्टून आपल्याकडे मराठीत किंवा हिंदीत येतं तेव्हा चित्र आधी तयार असतं आणि त्याच्या ओठांवर आवाज बसवतात. मूळ सिनेमा बनवताना मात्र उलटं असतं. आवाज आधी आणि चित्र नंतर. कॅथरिनने आधी संवाद म्हटले. मग तिला ॲलिससारखा झगा घालून रिकाम्या स्टुडिओत उभं केलं, साधं सामान मांडून तिच्याकडून प्रसंग करून घेतले आणि त्याचं चित्रीकरण केलं. वेड्या टोपीवाल्याच्या चहापार्टीचा प्रसंग तिने असाच मोठ्या विनोदी नटांसोबत केला. चित्रकारांनी ते चित्रीकरण बघत बघत ॲलिस काढली. म्हणजे ॲलिसचा आवाज तिचा, आणि मान वळवणं, बसणं, दचकणं हेही बरंचसं तिचंच.

सिनेमा १९५१ च्या जुलैमध्ये आला. गंमत म्हणजे तेव्हा तो फारसा चालला नाही. लोकांना तो आवडायला लागला तो पुष्कळ वर्षांनी. त्यानंतर १९५३ मध्ये 'पीटर पॅन' आला आणि त्यातल्या वेंडीचा आवाजही कॅथरिनचाच. उडण्याच्या प्रसंगांसाठी तिला तारांना बांधून वर उचललं होतं.

आणि मग? मग ती मोठी झाली. विद्यापीठात गेली, शिक्षणशास्त्र शिकली आणि लॉस एंजेलिसमध्ये प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तब्बल ३६ वर्षं तिने लहान मुलांना शिकवलं!

खरं सांगते, हे वाचल्यावर मला आनंदाने हसूच आलं. जगभरातल्या मुलांनी ज्या मुलीचा आवाज ऐकला ती मोठेपणी आपल्यासारखी हजेरी घेत होती, पाढे घेत होती, "ओळीत उभे राहा" म्हणत होती! १९९८ मध्ये डिस्नेने तिला मोठा सन्मान दिला. साठी ओलांडल्यावर एका व्हिडिओ गेमसाठी तिने पुन्हा ॲलिस आणि वेंडीचे संवाद म्हटले.

त्याच सिनेमातला मुलगा

आता दुसरी बाजू. 'पीटर पॅन'मध्ये वेंडी कॅथरिन होती, तर पीटरचा आवाज बॉबी ड्रिस्कॉल या मुलाचा होता. वयाने तो तिच्याहून एखाद्या वर्षानेच मोठा. पण नाव कितीतरी मोठं. 'ट्रेझर आयलंड'मधला मुलगा तोच. बालकलाकारांसाठीचा खास ऑस्कर त्याला १९५० मध्ये, तेरा वर्षांचा असताना मिळाला होता.

'पीटर पॅन' पडद्यावर आला त्याच वर्षी स्टुडिओने त्याचा करार संपवला. तो वयात आला होता, गोड लहान मुलगा राहिला नव्हता. साध्या शाळेत गेला तर तिथली मुलं त्याला चिडवायची. पुढे काम कमी होत गेलं, नशा लागली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका ओसाड इमारतीत त्याचा मृतदेह सापडला. वय ३१ वर्षं. ओळख पटली नाही म्हणून बेवारस म्हणून दफन झालं. हा कोण होता, हे पुढच्या वर्षी कळलं.

कधीच मोठा न होणारा मुलगा, ही पीटर पॅनची गोष्ट. तिचा आवाज ज्याचा होता तो मोठा झाला एवढंच घडलं होतं.

पालकहो, एकाचं भलं झालं आणि एकाचं वाईट, याचं कारण मी इथे बसून ठरवणार नाही. माणसाच्या आयुष्याला शंभर कारणं असतात. पण मला एक फरक दिसला. सिनेमा संपल्यावर कॅथरिनला जायला दुसरी जागा होती. तिथे ती कोण होती यापेक्षा तिला काय येतं, याला किंमत होती. बॉबीला शाळा ही अशी जागा वाटली नाही. शाळेतच त्याची टिंगल झाली.

आता माझी चूक

प्रश्न विचारणारी ती मुलगी साधी नाही. तिच्या गळ्यात जादू आहे. आजीचा आवाज, शेळीचा आवाज, एसटीच्या कंडक्टरचा आवाज, सगळं हुबेहूब. गेल्या वर्षी परिपाठात तिने एक गोष्ट सांगितली, त्यात पाच पात्रं आणि पाच वेगळे आवाज. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि दोन-तीन ग्रुपवर टाकला. शाळेचं नाव होईल असं मनात होतं. माझंही होईल असंही होतं, खोटं कशाला बोलू? आणि टाकण्याआधी मी तिच्या आईवडिलांना विचारलंसुद्धा नव्हतं.

व्हिडिओ फिरत फिरत कुठल्या कुठे गेला. मग कार्यक्रमांची बोलावणी आली. कुठे उद्घाटन, कुठे जत्रा, कुठे जाहिरातीसाठी आवाज. तिचे वडील टेम्पो चालवतात. भला माणूस. ते येऊन म्हणायचे, "मॅडम, उद्या हिला नेतो. पोरीचं नशीब उघडतंय, तुमच्यामुळेच." मी म्हणायचे, "न्या की."

दोन महिन्यांनी हजेरीपत्रकावर बेरीज केली. १९ दिवस गैरहजर! भागाकार तिच्या डोक्यावरून गेला होता. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. एकदा भाषेच्या तासाला मी तिला म्हटलं, "उठ बाळा, पुढचा परिच्छेद वाच." ती उभी राहिली, केस सारखे केले आणि विचारलं, "बाई, मोबाईल चालू केला का?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

म्हणून "नंतर ती काय झाली" हा तिचा प्रश्न मला एवढा लागला. ती ॲलिसबद्दल विचारत नव्हती. स्वतःबद्दल विचारत होती.

कायदा काय सांगतो?

चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड' सिनेमातला छोटा जॅकी कूगन आठवतो? त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले. मोठा झाल्यावर कळलं की आई आणि सावत्र वडिलांनी जवळपास सगळे उडवले. तो कोर्टात गेला. त्यानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला की बालकलाकाराच्या कमाईतला काही भाग त्याच्यासाठी बाजूला ठेवायचा.

आपल्याकडेही नियम आहेत, पण ते आपल्यालाच माहीत नसतात. मलाही नव्हते. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. सिनेमा, मालिका, जाहिराती यांत १४ वर्षांखालच्या मुलाला काम देताना त्यानुसार पाळायच्या मुख्य गोष्टी अशा:

- काम देणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची.
- दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
- सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही.
- मुलाच्या शिक्षणात खंड पडणार नाही अशी सोय करायची.
- कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे.

हे सगळं करायचं ते मुलाच्या मर्जीनेच. त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही.

मग मी काय केलं?

सोमवारी मुलीला कॅथरिनची गोष्ट सांगितली. बॉबीची नाही सांगितली, ती तिच्या वयाची नाही. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग शाळेत ती मुलांना ॲलिसच्या आवाजात शिकवायची का?" मी म्हटलं, "ते काही कुठे वाचायला मिळालं नाही गं." ती म्हणाली, "मी असते तर शिकवलं असतं."

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आईवडील दोघांसमोर आधी माझी चूक कबूल केली. मग हजेरीपत्रक दाखवलं. वडील जरा नाराज झाले. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सुरू केलं आणि आता तुम्हीच बंद करा म्हणता? दोन पैसे येतात, कर्जाचा हप्ता जातो त्यात." यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. हप्ता खरा होता.

मी म्हटलं, "दादा, बंद करू नका. पण शाळेच्या दिवशी नको. आणि तिच्या कष्टाचा थोडा तरी पैसा तिच्या नावाने राहू द्या. हिचा आवाज चार वर्षांनी असाच राहील का, कुणी सांगावं? तेव्हा तिच्या हातात काहीतरी असायला हवं."

ते गप्प बसले. आई मात्र म्हणाली, "खातं उघडायला काय काय कागद लागतात, बाई?"

पुढच्या आठवड्यात खातं उघडलं. कार्यक्रम आता बहुतेक रविवारी असतात. बहुतेक म्हणते, कारण गेल्या बुधवारीच ती पुन्हा गैरहजर होती. सगळं जागेवर आलंय असं नाही. भागाकार रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं घेतो आहोत. आणि परिपाठानंतर ती पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवते. तेव्हा मोबाईल माझ्या पर्समध्ये, पर्स कपाटात. पहिल्या दिवशी ती सारखी माझ्याकडे बघत होती. आता पुस्तकाकडे आणि पोरांकडे बघते. शेळी आली की पहिलीची पोरं एवढी ओरडतात की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याही वर्गात असं एखादं गाणारं, नाचणारं, बोलणारं लेकरू असेल. त्याचं कौतुक जरूर करा. पण व्हिडिओ टाकण्याआधी पालकांना आणि त्या लेकरालाही विचारा. कार्यक्रमांमुळे दिवस बुडत असतील तर महिन्याच्या शेवटी हजेरी मोजा आणि पालकांशी वेळेत बोला. आणि पालकहो, मुलाच्या कमाईचं खातं मुलाच्याच नावाने आहे ना, तेवढं आज बघा.

तुमचा असा काही अनुभव असेल तर नक्की कळवा. माझ्या त्या बुधवारच्या गैरहजेरीवर उपाय सुचला तर तोही सांगा.