तळ्यात सोडलेला मासा

काचेच्या टाकीतला मासा मोठा झाला की त्याचे करायचे काय, हा प्रश्न टाकी विकत घेताना कुणी विचारत नाही. आम्हीही विचारला नाही. चिरंजीवांचा वाढदिवस होता, हट्ट होता, आणि बोईसरच्या बाजारातल्या त्या दुकानात निळ्या दिव्याखाली मासे असे काही झळकत होते की आमच्या ह्यांचाही हात खिशाकडे गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, हे दोन सकर घेऊन जा. काचेवरचं शेवाळ खातात, टाकी धुवायचा त्रास नाही." टाकी शेवटी धुवायची कुणी, हे मला माहीत होतेच. तेव्हा बिनपगारी नोकर मिळाले या आनंदात मी ते दोन, बोटाएवढे, काळपट, अंगावर खवल्यांऐवजी चिलखत घातल्यासारखे दिसणारे मासे आनंदाने घरी आणले.

दोन वर्षांत ते वीतभर झाले आणि तिसऱ्या वर्षी त्याहून लांब. एवढ्याशा टाकीत दोघांना वळताही येईना. रात्री पाणी उडायचे, लावलेली झाडे उपटून वर यायची. शेवटी एका रविवारी मीच ह्यांना म्हटलं, "अहो, एक तरी माहेरच्या तळ्यात सोडून येऊ या. बादलीत एकच मावतोय, दुसरा पुढच्या रविवारी." सासूबाईंनी तर कौतुकच केलं. "मुक्या जिवाला मोकळं करताय, पुण्य लागेल," म्हणाल्या.

माझे माहेर पालघर आणि बोईसरच्या मधल्या उमरोळी स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. गावाला छोटेसे तळे आहे. स्कूटरवर मागे बसून, पायांत बादली धरून, वर ओले फडके टाकून मी तो मासा नेला. काठावर बादली कलती केली. तो क्षणभर तसाच थांबला, मग एक शेपटी मारली आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. चिरंजीवांनी हात हलवून टाटा केला. मला खरेच बरे वाटले होते, हे आधी कबूल करते.

पुढचा रविवार काही आला नाही. कुणाची परीक्षा, कुणाचा ताप, माझ्या अर्धवेळ शाळेच्या पेपरांचे गठ्ठे. दुसरा सकर टाकीतच राहिला.

आता बाबांविषयी सांगायला हवे. आमचे बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. आठवड्याचे सहा दिवस घड्याळावर चालणारा हा माणूस रविवारी मात्र गळ घेऊन तळ्यावर जाऊन बसे. बांबूची काठी, मोरपिसाचा देठ पाण्यावर तरंगत ठेवलेला, आणि शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून केलेले आमिष. ती पेंड आई तिच्या चांगल्या परातीत मळू देत नसे, यावरून दर रविवारी वाद ठरलेला! बाबांना मासे किती मिळाले याला महत्त्व नव्हते. ते देठ बुडायची वाट बघत. देठ आधी नुसता थरथरला तर "रोहू चाखतोय", एकदम खाली गेला तर "मरळ!" असे हळू आवाजात सांगत. मी शेजारी बसून अभ्यास करायची. छोटा मासा लागला तर गळ अलगद काढून परत सोडत. सोडणे हा शब्द मी तिथेच शिकले, आणि त्याचा अर्थ मला तेव्हा फार चांगला वाटत असे.

हौसेची गळमासेमारी हे काही साहेबांचेच खूळ नव्हे. मुंबईत पवईच्या तलावावर तर 1955 पासून महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे. आमच्या बाबांना सभासदत्व वगैरे ठाऊक नव्हते. त्यांची असोसिएशन म्हणजे ते, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी.

गेली काही वर्षे मात्र बाबा तळ्यावरून लवकर परततात. "दिवसभर बसलो तर दहा चिलाप्या. रोहू एक नाही. मरळ तर नावाला नाही." चिलापी म्हणजे तिलापिया. बाजारात आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मूळची आफ्रिकेतली. 1952 साली ती आपल्या देशात मुद्दाम आणली गेली, कारण गरिबाला स्वस्त मासा मिळावा. हेतू काही वाईट नव्हता. पण ही बाई, मासा असली तरी मला बाईच म्हणावेसे वाटते, फारच लेकुरवाळी. अंडी घातली की ती तोंडात धरून ठेवते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत धड खात नाही, आणि नंतरही धोका दिसला की पिल्ले पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. हे वाचले तेव्हा मला तिच्याविषयी आदरच वाटला. पण वर्षातून अनेकदा असे चालते, पोरी काही महिन्यांतच वयात येतात, आणि तळे भरून जाते.

उलट आपले कटला, रोहू, मृगळ यांची तऱ्हा न्यारी. साचलेल्या पाण्यात त्यांची वीणच होत नाही. त्यांना पावसाळ्यातल्या वाहत्या, चढत्या नदीची ओढ. म्हणून तर 1957 च्या 10 जुलैला डॉ. हिरालाल चौधरी या बंगाली शास्त्रज्ञांनी टोचणी देऊन या माशांची वीण घडवली, तेव्हा केवढी मोठी गोष्ट झाली! त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आता गावोगावच्या तळ्यांत मत्स्यबीज विकत आणून सोडतात. म्हणजे दर पावसाळ्यात पैसे खर्चून बोटुकली सोडायची, आणि त्यांच्या तोंडचा घास फुकट आलेल्या चिलापीने खायचा. तळ्यातले अन्न तेवढेच. आपल्या घरात पाहुणे महिनोन्महिने राहिले की मुलांच्या ताटात काय पडते, ते आपल्याला सांगायला नको.

हे सगळे मला ठाऊक होते, पण ते "दुसऱ्या कुणीतरी" केलेले होते. माझी बादली मला आठवतही नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात मी बोईसरच्या बाजारात गेले. आमच्याकडे पापलेटाला मान, तोही सातपाटीच्या. 2023 साली सरकारने पापलेटाला राज्यमासाच जाहीर केले. पण त्याचा भाव ऐकून मी बहुधा गोड्या पाण्याच्या मासेवालीकडे वळते. माझ्या माहेरच्याच बाजूची, तळ्यावर मासे धरणारी एक मावशी कोपऱ्यात बसते. त्या दिवशी तिची टोपली जवळजवळ रिकामी, आणि मांडीवर जाळे. फाटलेले. नवे होते, उधारीवर आणलेले.

"काय झालं गं मावशी?"

तिने शेजारच्या डब्यातून काहीतरी काढून माझ्यासमोर टाकले. काळपट, चिलखती, पाठीवरचा पंखा उभारलेला, तोंड खालच्या बाजूला. मला ओळखायला क्षण लागला नाही.

"हा बघ. दोन मोठे निघाले, बारके किती ते मोजलं पण नाही. याचे काटे जाळ्यात अडकले की सुटत नाहीत, मासा तोडू की जाळं कापू? खायला चव नाही, अंगावर नुसतं हाड. कोणी गिऱ्हाईक घेत नाही. कोण मेल्यानं आणून सोडला असंल?"

मी म्हटलं, "काय माहीत." आणि अर्धा किलो चिलापी घेतली, घासाघीस न करता. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले.

घरी येऊन वाचत बसले. हा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. आमच्याच तळ्यात आला असे नाही. उजनी धरणातल्या मच्छीमारांनी त्याला 'हेलिकॉप्टर' नाव दिले आहे. तो काठाच्या मातीत खोल बिळे करून अंडी घालतो, त्याने बांध ढासळतो. शेवाळाबरोबर दुसऱ्या माशांची अंडीही त्याच्या पोटात जातात. पाण्यातला प्राणवायू संपला तर वर येऊन हवा गिळतो, पाण्याबाहेरही तासन्‌तास जिवंत राहतो. त्याला मोठे मासे गिळायला जावेत तर गळ्यात काटे. टाकीत जे गुण म्हणून सांगितले होते, काहीही खातो, कसेही राहतो, मरत नाही, तेच तळ्यात अवगुण ठरले.

मी मनाशी हिशेब केला. एकट्या माशाची प्रजा होत नाही. म्हणजे माझ्यासारखी आणखी एखादी बादली तिथे आधी किंवा नंतर रिकामी झाली असणार. या विचाराने थोडे हलके वाटले, आणि हलके वाटल्याची लाज वाटली.

आपल्याकडे पावसाळ्यात ही गोष्ट एका तळ्यापुरती राहत नाही. वलगण माहीत आहे ना? पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्यातले मासे उलट्या पाण्यावर चढून भातशेतात अंडी घालायला येतात. आम्ही लहानपणी रात्री बत्ती घेऊन बाबांबरोबर जायचो. तेव्हा तळे, ओढा, शेत, नदी सगळे एकच पाणी होते. मग जे आपल्या मरळीला चढता येते, ते सकरला का येणार नाही? आणि विदेशी मांगूर तर विचारूच नका. तो आफ्रिकेचाच, पण लोक त्याला थाई मांगूर म्हणतात. इतका अधाशी की दुसरे मासे शिल्लक ठेवत नाही, आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. केंद्र सरकारने 2000 सालीच त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही त्यात लक्ष घातले, आणि महाराष्ट्रात मत्स्यखात्याने त्याची तळी नष्ट केली. तरी बाजारात तो चोरून येतोच. आपला गावठी मांगूर छोटा असतो, तेव्हा हातभर लांबीचा मिशाळ मासा स्वस्तात मिळाला तर मैत्रिणींनो, जरा विचार करून पिशवी उघडा.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचे तर वाचून अंगावर काटा आला. 1950 च्या दशकात तिथे नाईल पर्च नावाचा मोठा मासा सोडला, आणि तिथल्या शेकडो जातींचे छोटे मासे नाहीसे झाले. तिथल्या बायका ते छोटे मासे उन्हात वाळवून विकत. नव्या माशात चरबी फार, तो उन्हात वाळत नाही. धुरावर धरावा लागतो. मग जळणासाठी काठावरची झाडे तुटली. मासा पाण्यात सोडला, आणि कुऱ्हाड रानात पडली!

आता घरात उरलेल्या दुसऱ्या सकरचे काय? मी दुकानदाराकडे गेले. परत घ्यायला तो तयार नाही. "सोडून द्या ना ताई तळ्यात, सगळे सोडतात," म्हणाला. मारावा, तर त्याचाही शांत मार्ग वाचला. लवंगेचे तेल पाण्यात घातले की मासा गुंगतो आणि जास्त घातले की तसाच संपतो. तेल घरातच होते, दाढदुखीसाठी आणलेले. एक दुपार मी ती बाटली हातात घेऊन टाकीसमोर उभी राहिले. आयुष्यभर विळीवर पापलेट, बोंबील, सुरमई कापत आले, कधी हात थबकला नाही. पण याला मी तीन वर्षे काकडीचे तुकडे घातले होते. बाटली परत फडताळात ठेवली.

शेवटी नव्या मिक्सरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत मोठी टाकी आली. हे म्हणाले, "एका माशासाठी?" मी म्हटलं, "अहो, तळ्यासाठी." परसात सिमेंटची टाकी बांधायची कल्पनाही त्यांनीच काढली होती. पण आमच्या पालघरच्या पावसात ती दोन तासांत भरून वाहील, आणि मासा गटारातून थेट नाल्यात. तेव्हा दिवाणखान्यातच, सोफ्याच्या जागी. हा मासा दहा-पंधरा वर्षे जगतो म्हणे. म्हणजे चिरंजीव कॉलेजात जातील तेव्हाही मी काकडी चिरत असणार.

मावशीला सांगायचे मात्र राहिले होते. चार आठवडे मी तिच्याकडून भाव न करता मासे घेत होते, आणि त्याने काही होत नव्हते. पाचव्या आठवड्याला, गिऱ्हाईक नसताना, खाली बसून सांगितले. बादली, स्कूटर, सगळे. तिने जाळ्याची सुई चालवत ऐकून घेतले. जाळ्याचे पैसे देऊ केले, तर अर्धेच घेतले. "एक तुझा होता ना, दोन निघाले," म्हणाली. मग विचारले, "दुसरा घरी हाय? झाकण घाल टाकीला, उडी मारतंय ते." आणि टोपलीतल्या चार चिलाप्या माझ्या पिशवीत टाकून म्हणाली, "ह्या खा. जेवढ्या खाशील तेवढ्या कमी होतील."

तर त्या दिवसापासून आमच्याकडे शनिवारी चिलापी असते. तिला मातीचा वास असतो. तो जाण्यासाठी तुकडे मीठ आणि आंबट ताकात अर्धा तास ठेवते, मग धुऊन आले-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबिरीचे वाटण लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळते. काटे कमी, मुले खातात. फक्त मासे कुठल्या पाण्यातले हे विचारून घेते. कारखान्यांच्या बाजूच्या नाल्यांतले असतील तर नको म्हणते, कारण घाण पाण्यातही ती मजेत जगते. परवा बाबांना डबा पाठवला. ते म्हणाले, चव बरी आहे, पण या रविवारी गळाला पेंड न लावता गांडूळ लावून बघतो, एखादी मरळ अजून असेल.