दुधाच्या हिशेबाचा समुद्र

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला निघालं की पावस, पूर्णगड, आडिवरे अशी गावं मागे पडत जातात आणि एस.टी. धापा टाकत नाट्याला येते. राजापूर तालुक्यातलं हे गाव. शेजारी जैतापूरची खाडी, खाडीकाठी झाडीत बुडालेला यशवंतगड, आणि हाकेच्या अंतरावर साखरी नाटे हे मच्छीमारांचं बंदर. माझी आत्या इथे राहते. गेल्या मे महिन्यात मी दोन भाच्या आणि एक भाचा अशी तीन पोरं घेऊन तिच्याकडे गेलो होतो.

पहिल्या दिवशी गड झाला. जांभ्या दगडाची तटबंदी, तिच्यात घुसलेली झाडांची मुळं, खाली खाडीचं पाणी. दुसऱ्या दिवशी बंदर. तिथून मात्र पोरं हलेनात. निळी, हिरवी, भगवी होडी; तिच्या अंगावर मोठ्ठ्या अक्षरांत नाव, वर फडफडणारी निशाणं. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून काही होड्या आधीच किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. ‘‘मामा, हे तर चित्रांचं प्रदर्शनच आहे!’’ मोठी म्हणाली. तिच्या या एका वाक्याने पुढचा सगळा घोटाळा केला.

कारण मी म्हटलं, ‘‘चला, आपणही पॉप आर्ट करू.’’

आता पॉप आर्ट म्हणजे काय? राजेराण्या, देवदेवता, डोंगर-नद्या यांची चित्रं लोक पूर्वीपासून काढत आले. पण रोजच्या वापरातल्या वस्तू, जाहिराती, वेष्टनं, कॉमिक्स यांचं चित्र का नको, असं काही चित्रकारांना वाटलं. लंडनमध्ये १९५६ साली रिचर्ड हॅमिल्टनने अमेरिकन मासिकांतली चित्रं कात्रीने कापून एक घर चिकटवलं. आकार वहीच्या पानाएवढा! त्या घरातल्या पैलवानाच्या हातात भलंमोठं लॉलिपॉप आहे आणि त्यावर लिहिलंय ‘पॉप’. पुढे १९६२ साली अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं लॉस एंजेलिसला मांडली. बत्तीसच का? तर त्या कंपनीची सुपं ३२ प्रकारची होती. शेजारच्या एका दालनवाल्याने थट्टेने खरे डबे खिडकीत रचले आणि आमच्याकडे स्वस्त मिळतील म्हणून सांगितलं!

आपल्याकडेही असा एक गमत्या चित्रकार होऊन गेला. भूपेन खक्कर (१९३४–२००३). जन्म मुंबईचा, राहायला बडोद्याला, पेशाने हिशेबनीस. कॅलेंडरवरचे देव कापून त्याने १९६०च्या दशकात चित्रांत चिकटवले. असे छापील देव आपल्या भिंतीवर आले ते राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. तो १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. हे सगळं मी पोरांना रंगवून सांगितलं. इथेच चुकलो.

आमचं सामान साधं. हापूस आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू हा आमचा फळा. बिस्किटांचे पुडे, चहाची पाकिटं, काड्यापेट्या, जुनी वर्तमानपत्रं. आणि खळ. दोन मोठे चमचे मैदा आधी वाटीभर गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग मंद आंचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. चुलीपाशी मोठं माणूस हवंच. पूर्वी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, आपण घालायचं नाही. कोकणात अंगणाला खळं म्हणतात, त्यामुळे आमची खळ खळ्यातच वाटली गेली. पोरांचे कोपर, केस आणि आत्याचं मांजर यांनाही थोडी लागली.

पॉप आर्टची एक युक्ती सांगतो. एकच चित्र एकदा लावलं तर नुसतं वेष्टन दिसतं. तेच आठ वेळा ओळीने लावा, डोळ्यांसमोर नक्षी उभी राहते. मधलीने बिस्किटांच्या पुड्यांची तटबंदी केली. मोठीने आंब्याच्या छापील चित्राची होडी कापली. धाकटा आठ वर्षांचा. त्याच्याकडे समुद्र होता. तो आत जाऊन निळ्या-लाल आकड्यांचे पुष्कळ चौकोन घेऊन आला आणि ओळींत चिकटवले. काय सुंदर दिसत होतं! मी पाठ थोपटली. चित्र सपाट राहावं म्हणून वर कागद घालून जांभ्याचा चिरा ठेवला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आरोळी आली, ‘‘अरे मेल्यांनो, माझा एप्रिल कुठं गेला?’’

कॅलेंडरच्या चौकोनांत आत्या दुधाचा हिशेब लिहिते. एक रेघ म्हणजे अर्धा लिटर, दोन रेघा म्हणजे एक, फुली म्हणजे नागा. एप्रिलचे पैसे द्यायचे राहिले होते आणि दूध घालणाऱ्या काकू दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. धाकट्याचा चेहरा एवढासा झाला. ‘‘आजी, मामा म्हणाला कॅलेंडर कापतात,’’ तो रडतरडत म्हणाला. खरंच होतं ते. कुठलं कापायचं आणि कुठलं नाही, हे मी बोललोच नव्हतो.

रात्री कंदील घेऊन आम्ही चित्रापुढे बसलो, कारण वीज गेलेली. रेघा दिसत होत्या, पण चौकोन लागोपाठ नव्हते. पाच तारखेशेजारी एकवीस, तिच्याखाली नऊ. मोठीने वहीत १ ते ३० लिहिलं, मधली समुद्रातून तारीख शोधून रेघा सांगू लागली. सत्तावीस दिवस मिळाले. उरलेले तीन होडीखाली होते.

धाकट्याने होडी स्वतः काढली. कोमट पाण्याचा ओला फडका वर ठेवायचा, दोन मिनिटं थांबायचं, कड उचलायची, पुन्हा फडका. मैद्याची खळ पाण्याने सुटते. बाजारचा पक्का गोंद असता तर संपलंच होतं. चौदा तारीख निघाली. पंधराही निघाली. सोळा फाटली.

सकाळी काकू आल्या. त्यांना सगळं सांगितल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्याच. ‘‘ऱ्हावंदे गो एक दिवस,’’ म्हणाल्या. आत्या कसली ऐकते! तिने सोळा तारखेचं एक लिटर धरून पैसे मोजले.

निघताना धाकट्याने चित्र पिशवीत घातलं, तर आत्याने काढून घेतलं. ‘‘हिशेब माझा आहे, घरात ऱ्हायला हवा.’’ कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून तिने ते लावलं. होडी आता जराशी वाकडी आहे. आणि कात्री फडताळाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर गेली आहे.