निनावी भाग



आज एक चूक सांगतो. माझीच आहे.

शाळेच्या ऑफिसातल्या जुन्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू अशा दोन्ही सिस्टीम होत्या. चालू केला की काळ्या पडद्यावर यादी यायची आणि त्यातून निवड करायची. विंडोजवर ऑफिसचं काम, तर उबुंटूवर पाचवीची मुलं टक्सपेंटमध्ये चित्रं काढायची.

एके दिवशी डी ड्राइव्ह भरला. मी डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे एक मोठा भाग दिसला, त्याला ना नाव ना अक्षर. म्हटलं, ही तर रिकामी जागा! डिलीट केला, नवा ई ड्राइव्ह करून फॉरमॅटही मारला. मनात खूश.

संगणक पुन्हा चालू केला आणि यादी गायब. काळ्या पडद्यावर फक्त 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारी खूण. दहावीचे अंतर्गत गुण डी ड्राइव्हवर होते, दुसरी प्रत नव्हती आणि गुण भरायची मुदत दोन दिवसांवर आलेली. घाम फुटला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, सगळं फॉरमॅट मारावं लागेल."

मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात डिप्लोमा करणारा आमचा एक माजी विद्यार्थी आठवला. तो संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन आला. म्हणाला, "सर, संगणक सुरू होत नाही म्हणजे माहिती गेली असं नसतं."

पेनड्राइव्हवरच्या उबुंटूने संगणक चालू केला, डी ड्राइव्ह उघडला. गुणांची फाइल जशीच्या तशी! आधी ती कॉपी केली, मग त्याने समजावलं.

अशा जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर अगदी सुरुवातीला 512 बाइटची जागा असते. तिला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातल्या 446 बाइटमध्ये संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम, 64 बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता आणि शेवटच्या 2 बाइटमध्ये एक खूण. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबाराच, कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत ते सांगणारा. आणि ग्रब हा बूट मॅनेजर म्हणजे फाटकावरचा शिपाई, "कुणाकडे जायचंय?" असं विचारणारा. पण 446 बाइटच्या खुर्चीत त्याचं सगळं सामान मावत नाही. त्याच्या बऱ्याचशा फायली उबुंटूच्या भागात असतात. तोच भाग मी पुसला होता! विंडोजला लिनक्सची रचना वाचता येत नाही, म्हणून तो निनावी दिसत होता.

मग विंडोजच्या डीव्हीडीवरून दुरुस्तीत जाऊन त्याने बूट कोड नव्याने लिहिला. तक्त्याला धक्का लागला नाही. दहा मिनिटांत विंडोज सुरू.

नव्या संगणकांत बहुतेक ठिकाणी जीपीटी पद्धत असते. जुन्या तक्त्यात मुख्य भाग चारच करता यायचे, इथे विंडोजवर 128 होतात. बूट मॅनेजर तिथे ईएफआय नावाच्या छोट्या भागात राहतो. त्यालाही अक्षर नसतं. तोही पुसायचा नाही!

तेव्हा मित्रांनो, पार्टिशनला हात लावण्याआधी फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. कुठला भाग कशाचा ते वहीत लिहून ठेवा. आणि कुणी "फॉरमॅट मारा" म्हटलं, तर आधी पेनड्राइव्हवरून डिस्क उघडून बघा.

गुण वेळेत भरले गेले. दुसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी ऑफिसात आली. "सर, आमची चित्रं कुठायत?"

नुसता भाग डिलीट केला असता, तर तक्त्यातली नोंद परत आणता आली असती. मी वर फॉरमॅट मारून नव्या फायलीही टाकल्या होत्या. त्या विद्यार्थ्याने खटपट केली, पण चित्रं काही मिळाली नाहीत.

मुलांना काय झालं ते खरं सांगितलं. उबुंटू पुन्हा टाकलं. आता दर शनिवारी चित्रांची प्रत आम्ही पेनड्राइव्हवर घेतो. ते काम त्याच मुलीकडे आहे.