नांगर पहिला

खुर्ची थांबली तेव्हा वाटलं, खाली कुणीतरी बसताना घसरलं असेल. स्की लिफ्टवर हे होतच असतं. ऑपरेटर बटण दाबतो, माणूस उठतो, अर्ध्या मिनिटात सगळं पुन्हा चालू. पण दोन मिनिटं झाली. पाच झाली. वाऱ्याने खुर्ची डुलत होती आणि पायांत अडकवलेल्या भाड्याच्या स्की दोन मजले उंचीवर लोंबकळत होत्या.

म्युनिकहून ट्रेनने दीड तासावरचं आल्प्समधलं एक लहान गाव. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे साडेअकरा. चौघांच्या खुर्चीवर मी एकटा. ऑफिसातले मित्र पुढच्या खुर्चीत होते. त्यांनी मागे वळून अंगठा दाखवला, मीही दाखवला. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

हातमोजा काढून मोबाईल पाहिला. बाबांचा मिस्ड कॉल, कालचा.

आमचा कॉल रविवारी ठरलेला असतो. जेवलास का, थंडी किती, आईला दे. पाचव्या मिनिटाला शिमग्याचा विषय निघतो आणि माझं नेटवर्क जातं. सलग तीन वर्षं मी शिमग्याला दाभोळला गेलेलो नाही. दर वेळी ‘बघतो’ म्हणालोय. यंदा तर बघण्यासारखंही काही नव्हतं. रजा संपली होती आणि जर्मनीत कायम राहण्याचा अर्ज मी डिसेंबरातच भरला होता. घरी सांगितलं नव्हतं.

इथे मात्र नेटवर्कच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. मी फोन लावला.

“बाबा, मी लटकलोय.”

“कुठे?”

सगळं सांगितलं. ते जरा गप्प राहिले, मग म्हणाले, “ब्रेक लागलाय, की नुसतंच थांबलंय?”

बाबांनी तीस वर्षं दाभोळ बंदरातून मासेमारीची बोट चालवली. तांडेलही तेच आणि मेकॅनिकही तेच. मशीन म्हटलं की त्यांना आधी माणूस आठवत नाही. मी आदल्या रात्री घाबरून वाचलेलं सगळं सांगून टाकलं. लिफ्टच्या मोठ्या चाकाला ब्रेक असतो, तेलाचा दाब तो उघडा धरून ठेवतो. वीज गेली, दाब गेला, की स्प्रिंग तो आपोआप मिटवते. म्हणजे चालू राहायला जोर लागतो, थांबायला लागत नाही. शिवाय वेगळं डिझेल इंजिन असतं. तेही बिघडलं तर दोर सोडून एकेकाला खाली उतरवतात. वर हेही सांगितलं की अशी पहिली खुर्ची-लिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला झाली, आणि ती बनवणाऱ्या इंजिनिअरला कल्पना सुचली ती जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून.

“म्हणजे घडासारखा लटकलायस,” बाबा हसले. खूप दिवसांनी हसले.

मग म्हणाले, “आमचं उलटं. बोटीला ब्रेक कुठला? मशीन बंद पडलं की नांगर पहिला. पोरं आधी झाकण उघडून बसतात. तोवर ओहोटी खाडीच्या तोंडाबाहेर नेते.”

हे मी लहानपणी पाहिलंय. वाशिष्ठीच्या खाडीत बोट नांगरावर उभी, बाबा इंजिनात कोपरापर्यंत, मी बॅटरी धरून. पलीकडे अंजनवेलला वीज प्रकल्पाच्या चिमण्या. इथे कुणाला दाभोळ म्हटलं तर काही कळत नाही, पण मुंबई-पुण्यातली मोठी माणसं लगेच ‘एन्रॉन’ म्हणतात. प्रकल्प खाडीच्या त्या बाजूला, नाव आमच्या गावाचं. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. मी तेव्हा चार वर्षांचा. २००६ मध्ये नव्या कंपनीने तो पुन्हा चालू केला. मधली पाच वर्षं इंजिन अडलं की बाबा तिकडे बोट दाखवून म्हणायचे, “एवढं मोठं मशीन बंद पडतं, आपलं का नाही पडणार?”

“बोट कुठाय आता, बंदरात?” मी विचारलं.

“दिली.”

“दुरुस्तीला?”

“विकली. जानेवारीत.”

खुर्ची हलली. वाराच होता.

“खलाशी मिळत नाहीत, डिझेल परवडत नाही, गुडघा चढू देत नाही,” बाबा म्हणाले. “द्यायच्या आधी दोन रविवार सांगणार होतो. तुझं नेटवर्क गेलं.”

माझी इंजिनिअरिंगची चारही वर्षांची फी त्या बोटीने भरली होती. एरवी मी या क्षणी ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ म्हणालो असतो. पण आवाज स्वच्छ येत होता, मागून आमच्या अंगणातला कावळासुद्धा.

मी सांगितलं. शिमग्याला येत नाही. यंदा रजा नाही. आणि अर्जाचंही सांगितलं.

बराच वेळ कावळाच ओरडत राहिला.

“आईला माहितीय?”

“नाही.”

“तिला तू सांग. मी नाही सांगणार.” मग जरा थांबून, “बघतो, बघतो म्हणत होतास, तिनं दर वर्षी तुझी खोली झाडून ठेवली.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली बर्फावरून एक माणूस स्नो-स्कूटर घेऊन, हात उंचावून काहीतरी ओरडत गेला. वरची तार थरथरली आणि खुर्ची मुंगीच्या चालीने पुढे सरकली.

“चालू झालं. पण फार हळू.”

“डिझेलवर घेतलं असेल. पोचेपर्यंत फोन ठेवू नकोस.”

“नांगरही गेला का बोटीबरोबर?”

“नाही. परसात माडाला टेकवून ठेवलाय.”

“तो का ठेवलात?”

“घेणाऱ्याकडे त्याचा होता,” बाबा म्हणाले.

वर पोचायला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्यात बोट कुणी घेतली, कितीला गेली, नवीन मालक तिचं नाव बदलणार का, सगळं विचारून झालं. दांडा वर केला, एका हातात फोन तसाच धरून उतरायला गेलो आणि तोंडावर पडलो. ऑपरेटरने बटण दाबलं. लिफ्ट पुन्हा थांबली, या वेळी माझ्यामुळे.

बर्फात पडलेल्या फोनमधून बाबा विचारत होते, “आता काय झालं?”