उपाशी पंप

पावसाळ्यात मालिमच्या जेटीवर एकदा तरी फेरी मारावी. ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात, जाळ्यांची डागडुजी चाललेली असते आणि इंजिनावरच्या झाकणातून कुणाचे तरी फक्त पाय बाहेर दिसत असतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ट्रॉलरना समुद्र बंद, म्हणून इंजिने याच दिवसांत खोलली जातात.

ते पाय पाहिले की मला आमचा मिस्त्री आठवतो आणि लाज वाटते. आज ती गोष्ट सांगून टाकतो.

मी तेव्हा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मामाच्या ट्रॉलरचे जुने इंजिन थकले होते. शंभरच्या आत हॉर्सपॉवर, इनलाइन पंप, कसलीही तक्रार न करता राबणारे. त्याच्या जागी मामाने 160 हॉर्सपॉवरचे टर्बो इंजिन घेतले, सेकंडहँड, रोटरी पंपाचे. इंजिन बसवताना मिस्त्री म्हणाला, "पात्रांव, डिझेलची लायन बदलूंक जाय. ही बारीक जाता." टाकी होती मागे, इंजिनापासून लांब. मधली तांब्याची नळी आतून जेमतेम 6 मिलिमीटर.

मामाने माझ्याकडे पाहिले. घरात इंजिनीअर होऊ घातलेला भाचा असताना मिस्त्र्याचे कोण ऐकणार? मी ऐटीत वही काढली. 160 हॉर्सपॉवर म्हणजे पूर्ण भाराला ताशी तीस लिटरच्या आसपास डिझेल. म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. "मामा, अर्धा लिटर तर यातून आरामात जाईल." मामाचे तांब्याचे पैसे वाचले. मिस्त्री काही बोलला नाही.

जेटीवर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरेख चालले. हंगाम सुरू झाला, बोट आग्वादच्या पलीकडे गेली, जाळे ओढायला लागली आणि इंजिनाने मान टाकली. थ्रॉटल पूर्ण, पण आरपीएम खाली आणि धूर पांढरट. फिल्टर बदलले, नोझल बदलले. पंप काढून पंपवाल्याकडे नेला. त्याने स्टँडवर लावून सांगितले, पंप ठीक आहे. पुन्हा बसवला, पुन्हा तेच. बाकीच्या बोटी सुंगटे घेऊन परतत होत्या आणि आमची जेटीला बांधलेली. खलाशांचा पगार मात्र चालू. मामाने सगळा राग मिस्त्र्यावर काढला. मी शेजारी उभा होतो.

शेवटी मिस्त्र्याने पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी जोडली. बोट दोरखंडांनी जेटीला घट्ट आवळली, गिअर टाकला आणि थ्रॉटल दिला. शेजारचे बोटवाले ओरडायला लागले. नळीत आधी बारीक बुडबुडे दिसले, मग मोठे. "पंप बरो आसा," तो म्हणाला, "पूण तो उपाशी आसा."

माझी चूक कुठे होती ते मला पुस्तकात नंतर सापडले. मी फक्त जळणारे डिझेल मोजले होते. पंपाला त्याहून बरेच जास्त लागते. जास्तीचे डिझेल पंपाला थंड ठेवून रिटर्न लाईनने टाकीत परत जाते. इनलाइन पंपाच्या कॅमशाफ्टला वंगण म्हणून वेगळे ऑइल असते. रोटरी पंपाचे वंगण म्हणजे आतून वाहणारे डिझेलच. शिवाय पंपाच्या पोटात पात्यांचा छोटा पंप असतो आणि त्याच्या दाबावर इंजिनाचे टायमिंग पुढेमागे होते. डिझेल कमी पडले की दाब पडतो, टायमिंग मागे राहते, ताकद जाते. स्टँडवर पंप ठीक का ठरला? तिथे त्याला पोटभर मिळत होते.

आणि नळीचे गणित सरळ नसते. अशा संथ प्रवाहात विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. 6 ची नळी 10 ची केली तर क्षेत्रफळ वाढते पावणेतीन पट, पण विरोध घटतो जवळजवळ पावणेआठ पट. पुढून ढकलायचे असेल तर दाब वाढवता येतो. ओढून घ्यायचे असेल तर ओढण्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की डिझेलमधली विरघळलेली हवा बाहेर पडते आणि सैल जोडातून बाहेरचीही आत शिरते.

मिस्त्र्याला यातले एकही सूत्र ठाऊक नव्हते. त्याने 10 ची नळी टाकली, दोन काटकोनी वळणे काढली आणि रिटर्न लाईन टाकीत ओढनळीपासून दूर सोडली, परतीचे बुडबुडे पुन्हा आत जाऊ नयेत म्हणून. बोट त्याच आठवड्यात समुद्रावर गेली.

मामाने मात्र बुडालेल्या दिवसांपोटी त्याची निम्मी मजुरी कापली. "आधीच मोठी लाईन का नाही घातलीस?" मिस्त्र्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी वहीबद्दल अवाक्षर काढले नाही. त्यानंतर तो आमच्या बोटीवर कधी आला नाही.

पुष्कळ वर्षांनी, नोकरीला लागून स्थिरावल्यावर, मी त्याला मालिमलाच गाठले. पाय झाकणाबाहेर, तसाच. बाहेर आल्यावर मी सगळे सांगितले आणि कापलेल्या मजुरीचे पाकीट पुढे केले. वाटले होते, तो "जाऊ दे रे" म्हणेल आणि मी हलका होऊन घरी जाईन. त्याने हात पुसले, पाकीट घेतले, नोटा मोजल्या आणि खिशात घातल्या. मग म्हणाला, "हांवेंय ना म्हणपाक जाय आशिल्लें. बारीक लायनीर इंजिन चालू करूंक जायनाशिल्लें."

एवढे बोलून तो पुन्हा झाकणातून आत उतरला. पान्हा हवा होता, तो मी दिला.