नागार्जुनकोंडा : कृष्णेच्या पाण्याखालची बुद्धविहारे

सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांतूनही आता सहली निघू लागल्या आहेत. नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी, महाड, अजिंठा, कार्ले ही नावे आपल्या मुलाबाळांच्या तोंडी असतात. बुद्धगया, सारनाथलाही आपली माणसे पै-पै साठवून जाऊन येतात. पण आपल्याच कृष्णा नदीच्या काठाने खाली गेले की एक फार मोठे बौद्ध स्थळ लागते, याची अनेकांना कल्पना नसते. ते स्थळ म्हणजे नागार्जुनकोंडा. आमच्या विहाराच्या मंडळाने यंदा हिवाळ्यात तेथे जाण्याचे ठरविले. दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून लहानथोर मिळून आम्ही तेवीस जण निघालो.

हैदराबादपासून नागार्जुनसागर धरण सुमारे दीडशे किलोमीटर आहे. सरकारी बसने चार तासांत पोहोचता येते. हे धरण तेलंगणा व आंध्र प्रदेश या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्याची पायाभरणी केली आणि १९६७ साली कालव्यांत पाणी सोडण्यात आले. महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, सांगली करीत जाणारी कृष्णा येथे एखाद्या समुद्रासारखी पसरलेली दिसते. आमच्यातील सांगलीकडच्या आत्याबाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या आईला गावात याच नदीचं पाणी भरायला वेगळ्या जागी, पार खाली जावं लागायचं. आणि इथं बघा, केवढं पाणी!"

या पाण्याखाली काय आहे हे समजून घेतल्याशिवाय नागार्जुनकोंडा कळत नाही. सातवाहनांची सत्ता मोडल्यानंतर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात येथे इक्ष्वाकू घराण्याचे राज्य होते. विजयपुरी ही त्यांची राजधानी. डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात तीसहून अधिक बौद्ध वास्तू उभ्या राहिल्या. पुढे सारे मातीखाली गेले. १९२६ साली या जागेचा शोध लागला आणि १९२७ पासून लाँगहर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्याने उत्खनन केले. १९२७! म्हणजे ज्या वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच वर्षी इकडे कृष्णेच्या काठी आपल्या पूर्वजांची विहारे मातीतून वर येऊ लागली होती.

धरण बांधायचे ठरले तेव्हा हे संपूर्ण खोरे बुडणार हे स्पष्ट झाले. मग १९५४ ते १९६० या काळात डॉ. आर. सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली पुन्हा मोठे उत्खनन झाले. जेवढे वाचविता आले तेवढे वाचविले. काही वास्तूंचे अवशेष नागार्जुनकोंडा टेकडीच्या माथ्यावर, तर काही काठावरच्या अनुपू या ठिकाणी पुन्हा रचण्यात आले. बाकीचे सारे पाण्याखाली गेले. टेकडीचा माथा तेवढा बेट बनून वर राहिला. त्या बेटावर आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे आणि तेथे लाँचनेच जावे लागते.

सकाळी आम्ही लाँचमध्ये बसलो. लाँच जुनी पण भक्कम होती. कोपऱ्यात लाईफ जॅकेटांचा ढीग होता. आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी आधी मुलांना, मग सर्वांना जॅकेट घालायला लावले. १५ सप्टेंबर २०१९ रोजी याच आंध्रात गोदावरी नदीवर कचुलुरूजवळ पर्यटकांची बोट बुडून कितीतरी माणसे दगावली होती. त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हे भगिनींना ठाऊक होते. इतर काही प्रवासी आमच्याकडे पाहून हसले. नारिंगी जॅकेट घातलेली माणसे त्यांना गमतीची वाटली असावीत.

आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. तेव्हा शेजारच्या बाकावरील एका मराठी कुटुंबातील गृहस्थांनी विचारले, "कोणत्या गावचे तुम्ही? आडनाव काय?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही आणि त्यामागचा हेतूही नवा नाही. आमच्यातील एका तरुणाने "आम्ही बौद्ध आहोत, जयभीम," असे सरळ उत्तर दिले. गृहस्थ "बरं बरं" म्हणाले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

निम्म्याहून जास्त अंतर गेले असेल. समोर बेट दिसू लागले होते. एवढ्यात इंजिनाने आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि ते बंद पडले. सुरुवातीला कोणाला काही वाटले नाही. चालकाने दोन-तीनदा चालू करून पाहिले. प्रत्येक वेळी इंजिन घरघरायचे आणि गप्प व्हायचे. वारा सुटला होता. लाँच हळूहळू आडवी होऊन खडकाळ काठाकडे सरकू लागली. मदतनिसाने नांगर टाकला, पण पाणी एवढे खोल की दोर पुरेना. मोबाईल काढले तर डोंगरांमुळे रेंज नाही. मघाशी हसणारे प्रवासी आता कोपऱ्यातील जॅकेटे ओढून अंगावर घालू लागले. एक बाई देवाचा धावा करीत रडू लागल्या. ते पाहून लहान मुलेही रडू लागली. एका बाजूला गर्दी झाली की लाँच कलते, म्हणून आम्ही सर्वांना आपापल्या जागी बसण्याची विनंती केली.

आमच्याबरोबर एक काका होते. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे मेकॅनिक म्हणून काम करून निवृत्त झालेले. ते उठले आणि चालकाला मोडक्या हिंदीत म्हणाले, "भाऊ, डिझेलला एअर आलाय. मी बघू का?" चालक तेलुगू माणूस. अनोळखी प्रवाशाला इंजिनाला हात लावू द्यायला तो तयार होईना. त्याची अडचणही खरी होती. काही झाले असते तर जबाबदारी त्याचीच ठरली असती. काका रागावले नाहीत. "तू कर, मी नुसतं सांगतो," म्हणाले आणि त्याच्याशेजारी उकिडवे बसले.

असा अर्धा तास गेला असेल. तेवढ्यात साखरेचा आजार असलेल्या आमच्या मावशींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सकाळी गोळी घेतली होती. जेवण मात्र बेटावर करायचे म्हणून डबे बांधलेलेच होते. साखर एकदम उतरली आहे हे त्यांच्या सुनेने ओळखले. ताबडतोब काही गोड हवे होते. आमच्याजवळ भाकरी होती, ठेचा होता, केळी सकाळीच संपली होती. तेव्हा त्या आडनाव विचारणाऱ्या गृहस्थांची वृद्ध आई उठली. पिशवीतून लाडू काढून तिने आपल्या हाताने मावशींना भरविला. पाच-दहा मिनिटांनी मावशींना बरे वाटू लागले. मग त्या आजीबाईंनी आमच्याकडे पाणी मागितले. त्यांच्या बाटल्या संपल्या होत्या. आम्ही बाटली पुढे केली आणि त्या तोंड लावून प्यायल्या. मुलगा पाहत राहिला, काही बोलला नाही.

एवढ्यावरून जात गेली असे आम्ही म्हणणार नाही. संकट टळले की माणसे पुन्हा आपापल्या बाकावर जातात, हेही आपण पाहिले आहे. पण ज्या माऊलीने विचारपूस न करता लाडू भरविला तिच्या माणुसकीची नोंद न घेणेही बरोबर नाही.

मुलांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून आमच्यातील एका शिक्षक भगिनीने त्यांना जवळ बसवून माहिती सांगायला सुरुवात केली. "आपण आत्ता बुडालेल्या विजयपुरीच्या खोऱ्यावर आहोत. या पाण्याखाली भिक्खू राहत, शिकत, शिकवीत." इक्ष्वाकूंचा पहिला राजा चांतमूल हा वैदिक यज्ञ करणारा होता, पण त्याच्या घरातील स्त्रिया बुद्धाच्या उपासिका होत्या. त्याची बहीण चांतिसिरी हिने येथील महाचैत्याला दान दिल्याचे शिलालेख सांगतात. बोधिसिरी नावाची उपासिका तर राजघराण्यातीलही नव्हती. तिच्या लेखात काश्मीर, गांधार, चीन, ताम्रपर्णी म्हणजे श्रीलंका, अशा देशांत धम्म पोहोचविणाऱ्या आचार्यांचा उल्लेख आहे, आणि त्या यादीत अपरांतही आहे. अपरांत म्हणजे आपले कोकण! हे ऐकताच आमची महाडकडची मुले डोळे पुसून पाण्यात वाकून बघू लागली. पाण्याखालचे काही दिसणार नव्हते. पण त्यांची भीती गेली.

इकडे काकांच्या सांगण्यावरून चालकाने डिझेलचा फिल्टर उघडला. तो गाळाने भरलेला होता, तळाशी पाणीही होते. फिल्टर डिझेलने धुतला. मग काकांनी सांगितले तसे एअर काढण्याचा नट सैल करून हातपंप मारायला सुरुवात केली. आधी नुसते बुडबुडे आणि फेस आला. "थांबू नको, मार अजून." शेवटी बुडबुडे संपून स्वच्छ डिझेलची धार लागली. नट आवळला, किल्ली फिरवली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा इंजिन धडधडले. तोवर खडक फार तर पन्नास हातांवर आले होते. चालकाने काळ्या हातांनीच काकांचे दोन्ही हात धरले. काका एवढेच म्हणाले, "आमच्या गाड्या घाटात बंद पडायच्या. तिथं हेच करायचो."

घाणीत, ग्रीसमध्ये आयुष्य घालविणाऱ्या आपल्या माणसांजवळ केवढे ज्ञान असते! कागद नसला की त्याला समाज ज्ञान म्हणत नाही. त्या दिवशी मात्र साऱ्या लाँचने ते पाहिले.

बेटावर उशिरा पोहोचल्यामुळे आम्हांला जेमतेम सव्वा तास मिळाला. विहाराच्या आकाराचे संग्रहालय, तथागतांची उंच उभी मूर्ती, जातककथा कोरलेले दगड हे सारे पाहिले. बुडालेल्या खोऱ्याची प्रतिकृतीही तेथे आहे. बाहेर महाचैत्याची पुनर्रचना आहे. वरून पाहिले तर तो चाकासारखा, आऱ्यांचा दिसतो. आम्ही तेथे बुद्धवंदना घेतली. मावशींनी सर्वांत मोठ्या आवाजात म्हटली.

परतताना मनात एक विचार घोळत होता. धरणाने लाखो एकर जमीन भिजविली, हे खरे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. दामोदर, महानदी या नद्यांच्या योजनांचा पाया त्यांच्याच काळात घातला गेला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी नदीच्या पाण्याचा सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशा तिहेरी उपयोगाचा आग्रह धरला होता. तेव्हा आपण धरणांचे विरोधक होऊ शकत नाही. पण पाण्याखाली जाते ते कोणाचे, आणि वाचविले जाते ते किती, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. येथे निदान सहा वर्षे खोदून इतिहास वर काढला गेला. गावोगावच्या टेकड्यांवर, शेतांत अजून कितीतरी स्तूप, लेणी बेवारस पडली आहेत. त्यांची दखल आपण घेतली नाही तर कोण घेणार?

जाणाऱ्या बांधवांसाठी चार गोष्टी. लाँचच्या वेळा व संग्रहालयाची सुट्टी यांची आधी चौकशी करावी. पुरातत्त्व खात्याची बहुतेक संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. शक्यतो सकाळची लाँच धरावी. जॅकेट घातल्याशिवाय मुलाला लाँचमध्ये बसवू नये, कोणी हसले तरी हसू द्यावे. पिण्याचे पाणी आणि गूळ किंवा साखर जवळ ठेवावी. आजारी माणसाला वेळेवर खाऊ घालावे. अनुपू येथील अवशेष आणि २०२२ साली खुले झालेले बुद्धवनम यांसाठी आणखी एक दिवस हाताशी ठेवावा.

वर्षातून एकदा तरी घराबाहेर पडा. मुलांना सांगा की आपला इतिहास गावकुसाबाहेरच्या झोपडीपासून सुरू होत नाही. कृष्णेच्या तळाशी, सतराशे वर्षांपूर्वीच्या विहारांतही तो आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!